टोपीतला पुठ्ठा

क्रिसांतो लोंगोरियाला स्वतःपेक्षा वयाने मोठा असा एक मुलगा होता. पोटचा नव्हे, देवासमोरचा. नाव आमोस टटल. तांबडी दाढी, आवाज असा की नदीच्या या काठाला बोलला तर त्या काठाची घोडी कान टवकारायची. अमेरिकेतून बायको, नांगर आणि दोन डुकरं घेऊन तो टेक्सासात आला, तेव्हा हा मुलूख मेक्सिकोच्या सरकारचा होता आणि सरकारचा नियम सरळ होता: जमीन हवी तर आधी कॅथलिक व्हा. आमोसला जमीन हवी होती.

त्या भागात पाद्री येऊन जाऊन वर्षातून एकदा यायचा. आला की बाप्तिस्मे, लग्नं सगळं एका दमात उरकून टाकायचा. कित्येक पोरं आपल्या आईबापाच्या लग्नात हुंदडायची. आमोसला धर्मबाप हवा होता, आणि शेजारी एकच, ओढ्यापलीकडचा क्रिसांतो. तो उभा राहिला. डोक्यावर पाणी पडताच आमोस एवढ्या जोरात शिंकला की पाद्रीबाबा दचकले.

आमच्याकडची रीत अशी की धर्मपुत्राने भेटताक्षणी धर्मबापाच्या हाताचं चुंबन घ्यायचं. आमोसला ही रीत फार आवडली. ओढ्यावर गाठ पडली की टोपी काढून घोड्यावरून उडी मारायचा, "पाद्रिनो!" म्हणजे धर्मबाप, असं ओरडून हाताला ओठ लावायचा आणि खदाखदा हसायचा. क्रिसांतोही हसायचा. पण त्याच्या लेखी ती थट्टा नव्हती. देवळात हो म्हटलं ते म्हटलं. पुरात आमोसचा मका वाहून गेला तेव्हा याने आपल्या कणगीतला पाठवला. त्याची बायको अडली तेव्हा याची पेत्रोनिला चिखल तुडवत गेली. आणि आमोसनेही कधी हात आखडला नाही, हे कबूल केलं पाहिजे. क्रिसांतोच्या घराचं आढं त्यानेच खांद्यावर घेऊन चढवलं होतं.

मग मेक्सिको शहराला अक्कल सुचली. तिकडे बसून इकडचा कारभार करायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. अर्ज गेला की उत्तर यायला हंगाम उलटायचा, आणि यायचं ते भलत्याच गोष्टीचं. आमच्या माणसांनी निवडलेली सभा त्यांनी मोडली, राज्याची घटना गुंडाळली, आणि वर हुकूम काढला की सरहद्दीवरच्या लोकांनी बंदुका जमा कराव्यात. पेत्रोनिला हुकूम ऐकून म्हणाली, "म्हणजे आता कोमांचे टोळीवाले लुटायला चालून आले की त्यांना बसवून कॉफी पाजायची का?"

क्रिसांतोचा आजा या जमिनीत पुरलेला. आमोससारखे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून लोंगोरिया इथे गुरं राखत होते. त्यामुळे बंड झालं तेव्हा त्याला कुणी ओढून नेलं नाही, स्वतःच्या पायांनी गेला.

सान हासिंतोच्या माळावर लढाईला उभं राहायची वेळ आली तेव्हा एक पंचाईत झाली. समोरच्या मेक्सिकन फौजेची माणसं आणि क्रिसांतोसारखी माणसं, रंग तोच, भाषा तीच. आपल्याच लोकांच्या गोळीने मरू नये म्हणून यांच्या तुकडीने टोपीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचायचं ठरलं. क्रिसांतोचा पुठ्ठा आमोसने आपल्या हाताने कापला, टोपीच्या पट्टीत घट्ट बसवला आणि म्हणाला, "पडू देऊ नकोस, पाद्रिनो. आमची पोरं घाईत गोळी झाडतात."

लढाई बघता बघता संपली. टेक्सास स्वतंत्र झालं. क्रिसांतोला मात्र पुढे आयुष्यभर आठवत राहिलं ते दलदलीत गुडघ्यावर बसलेलं एक पोरगं. ते त्याच्याच भाषेत आईच्या नावाने दया मागत होतं, आणि क्रिसांतो "थांबा" म्हणेपर्यंत कुणी थांबलं नाही. तो घरी परतला. पुठ्ठा त्याने टोपीतून काढला नाही. पेत्रोनिला त्याला बाशिंग म्हणायची.

स्वातंत्र्य आलं तशी माणसंही आली. पूर्वेकडून लोंढेच्या लोंढे, ज्यांनी लढाई पाहिली नव्हती आणि ज्यांना जमीन हवी होती. आमोस आता वजनदार माणूस झाला होता. न्यायनिवाड्याला लोक त्याच्याकडे जात. ओढ्यावर भेटला की टोपीच्या कडेला बोट लावी, हवापाण्याचं विचारी आणि पुढे जाई. हाताचं चुंबन बंद झालं. क्रिसांतोने ते मनाला लावून घेतलं, पण बोलून दाखवलं नाही.

पुढे काही वर्षांनी मेक्सिकोची फौज अचानक सान अँटोनियोवर येऊन गेली. झालं. स्पॅनिश बोलणारा प्रत्येक जण हेर ठरला. नदीकाठची घरं एकामागून एक ओस पडली. पेत्रोनिला म्हणाली, गरज सरो वैद्य मरो. गुरं हातात आहेत तोवर रिओ ग्रांदे नदीपलीकडे, मेक्सिकोत भावाकडे जाऊ. क्रिसांतो हलेना. त्याचं एकच पालुपद, "आमोस आहे ना. देवळात शब्द दिलाय त्याने." ती म्हणाली, "शब्द जमिनीला दिला होता. तू मधे उभा होतास."

आणि एके दुपारी स्वार आले. पुढारी टेनेसीचा, मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्यांनी आमोसलाही बरोबर आणलं होतं. पुढाऱ्याने विचारलं, कोणत्या बाजूचा? क्रिसांतोने टोपी पुढे केली. तो हसला, पुठ्ठा काय, कुणीही खोचेल. मग आमोसकडे वळून म्हणाला, "तुम्ही ओळखता याला?"

आमोस घोड्याच्या आयाळीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा दाढीहून तांबडा झाला होता. क्रिसांतोला त्याची दया आली. इतक्या माणसांत त्याला अवघड नको, म्हणून त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ते पाहिलं आणि आमोस खाली उतरला. टोपी काढली. जवळ येऊन त्याने क्रिसांतोचा उजवा हात पाठीमागून ओढून घेतला आणि त्याला ओठ लावले. या वेळी हसला नाही.

"हा माझा बाप आहे," तो म्हणाला.

स्वारांत कुणीतरी फिदीफिदी हसलं, कुणी थुंकलं. पुढारी म्हणाला, ठीक आहे, उद्या आणखी माणसं घेऊन येतो, मग बापलेक दोघांचंही बघू. धूळ उडवत ते निघून गेले.

आमोस तिथेच उभा. म्हणाला, "जा, पाद्रिनो. आजच. मी एकटा पडतो रे. उद्या मला आवरायचे नाहीत." आणि एवढा मोठा बाप्या बाहीने डोळे पुसायला लागला. क्रिसांतोला वाटलं, आपण बरोबर होतो, शब्द खरा होता. आणि खरा असूनही पुरला नाही.

घरामागे पेत्रोनिलाने गाडी केव्हाच भरून ठेवली होती. न विचारता, सकाळपासून. नवऱ्याला ती एका शब्दाने टोचून बोलली नाही. जाता जाता तिने आमोसच्या हातावर गरम मक्याच्या भाकऱ्यांचं फडकं ठेवलं.

क्रिसांतोने घराच्या आढ्याकडे एकदा पाहिलं. मग टोपीतला पुठ्ठा उपसून काढला, आमोसची टोपी त्याच्या हातून घेतली आणि पट्टीत नीट, घट्ट खोचला.

"पडू देऊ नकोस," तो म्हणाला. "तुमची पोरं घाईत गोळी झाडतात."