तिसऱ्या आवृत्तीतून गेलेलं वाक्य

मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं. आमच्या कंपनीत ते कर्नेल लिहायचे, म्हणजे यंत्राच्या आत सगळ्यात तळाशी चालणारा प्रोग्राम. पण समजावून सांगायची खोड इतकी, की नाव पडलं मास्तर. कंपनीच्या मालकीणबाईसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायच्या.

मी साहित्याचा पदवीधर. यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायला मला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

"काय कवी, लॉक म्हणजे काय ठाऊक आहे?"

"मी कविता करत नाही."

"मग तर नक्की समजेल."

त्यांनी समजावलं. दवाखान्यात टोकन देतात. डॉक्टरांच्या खोलीत एका वेळी एकच पेशंट. तो बाहेर आला की पुढचा नंबर पुकारतात. कर्नेलमधलं लॉक तसंच, फक्त इथे सेकंदाला हजार पेशंट. टोकनाचा काउंटर चारशे एकोणतीस कोटींच्या आसपास भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो.

"आता शून्य नंबरवाल्याला वाटतं, पुकारलेला आकडा तर माझ्याहून केवढा मोठा. म्हणजे माझी पाळी कधीच येऊन गेली. तो शिरतो आत. आतला अजून शर्टाची बटणं लावतोय."

मी हसलो.

"तू हसतोस, पण यंत्र बंद पडतं. म्हणून मोठा कोण हे विचारायचं नाही. दोघांत अंतर किती, ते विचारायचं."

शून्यापासून सुरुवात केली तर काउंटर भरायला एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास लागतात. इतके दिवस चाचणी कोण चालवणार? म्हणून मास्तर काउंटर मुद्दाम टोकाजवळून सुरू करायचे. यंत्र चालू केलं की पाच मिनिटांत तो उलटायचा. चूक असेल तर यंत्र आमच्याच टेबलावर मान टाकायचं.

"साप असेल तर आपल्या अंगणात निघू दे," ते म्हणायचे. "लोकांच्या घरात नको."

काउंटर टोकाजवळून का सुरू होतो, हे मी साप-अंगणासकट एका वाक्यात पुस्तिकेत लिहिलं. मला ते माझ्या सगळ्या पुस्तिकांमधलं सर्वांत चांगलं वाक्य वाटायचं.

आमची दोस्ती जमली. मी सव्वीसचा, ते छप्पन्नचे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मागच्या जिन्यावर बसायचो. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी ते दोन दिवस दवाखान्यात बसून होते.

नंतर बारकी आली. चाळणीतून सुटलेला खडाही तिला सापडायचा, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं हे नाव. हुशार मुलगी. घरी आजारी वडील, आणि कमावती ती एकटी. मास्तर तिला म्हणायचे, "माझ्यानंतर हे सगळं तुझं." वर्षभरात सगळा जुना प्रोग्राम नव्या जागी हलवायचं काम तिने केलं. त्यात जुन्या नोंदी तुटल्या. कोणती ओळ कोणी लिहिली, हे विचारलं की यंत्र एकच नाव सांगायचं. बारकीचं.

गेल्या महिन्यात एका रक्तपेढीतलं आमचं यंत्र गोठलं. ते शीतकपाटाचं तापमान सांभाळायचं. कपाट गरम झालं, गजर झाला नाही. सगळ्या पिशव्या फेकाव्या लागल्या. यंत्र सुरू होऊन एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास झाले होते.

बारकीने फाइल उघडली. एके ठिकाणी अंतराऐवजी मोठा कोण ते विचारलं होतं. आणि काउंटर शून्यापासून सुरू होत होता.

मालकीणबाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"हे शून्य कोणी केलं?"

"मी नाही केलं," बारकी म्हणाली.

"नाव तुझं आहे."

"फाइली मी हलवल्या, म्हणून. मास्तरांना विचारा."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला.

"नोंद जे सांगते ते सांगते," ते म्हणाले. "पण पोर आहे. सांभाळून घ्या."

मला त्यांचा अभिमान वाटला. तिला वाचवतायत, असं मी समजलो.

बाईंनी सांभाळून घेतलं नाही. बारकी चार वाजता खोका घेऊन निघाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडलं. "आता खडे तुम्हीच वेचा," ती म्हणाली आणि हसायला गेली. तिला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पुस्तिका सुधारायला सांगितली. मी माझं वाक्य शोधलं. ते नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत होतं, तिसऱ्यात नाही.

मी प्रुफं टाकून देत नाही. कॉलेजपासूनची सवय. कपाटातून तिसऱ्या आवृत्तीचं प्रूफ काढलं. माझ्या वाक्यावर लाल पेन्सिलीची सरळ रेघ होती. समासात मास्तरांचं अक्षर. *हे काढ.* आणि पुढच्या पानावर, सफाईच्या सूचनांखाली, *घाल: दर महिन्याला यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे.*

मग आठवलं. "कवी, पाल्हाळ नको," ते म्हणाले होते. मी हसत वाक्य काढलं होतं. प्रुफावर तारीख होती. बारकी कामाला लागली त्याच्या आठ महिने आधीची.

बहुतेक सगळीकडे लोक महिन्याच्या सफाईला यंत्र बंद करायचे, आणि काउंटर भरायच्या आत पुन्हा शून्यावर यायचा. त्या रक्तपेढीत चालू यंत्रावरच सफाई सुरू झाली होती. सूचना का आहे, ते आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी प्रूफ घेऊन जिन्यावर गेलो. मास्तर डबा उघडत होते. त्यांनी कागद पाहिला आणि डब्याचं झाकण परत लावलं.

"तुझ्याकडे असणार, मला वाटलंच होतं."

"का केलंत?"

"तपासणीवाले येणार होते. यंत्र दरवेळी पाचव्या मिनिटाला पडत होतं. अकरा दिवस शोधलं. सापडेना." ते झाकणाशी चाळा करत राहिले. "म्हटलं, आठवड्यापुरतं शून्य करू. मग शोधू."

"मग शोधलंत?"

"शोधलं. नाहीच सापडलं. कोणाला सांगू? मास्तर म्हणतात मला."

"बारकी आल्यावर तिला सांगायचं होतं. तिला तासाभरात सापडलं असतं."

"हो," ते म्हणाले. "तेच तर."

मी उभाच होतो. ते बाजूला सरकले, मला जागा करून दिली, नेहमीसारखी.

"बस. हे बघ, ती तरुण आहे. तिला उद्या दुसरं काम मिळेल. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. घरी तुझी काकू, ती काही कमवत नाही. तुला सगळं ठाऊक आहे."

"तुम्ही तिच्यासाठी रदबदली केलीत त्या दिवशी. सगळ्यांसमोर."

त्यांनी डबा पिशवीत ठेवला.

"आणि मला म्हणालात, पाल्हाळ नको."

"तुझ्या आईच्या वेळी मी—" ते म्हणाले आणि थांबले. ते थांबले नसते तर मी कदाचित बसलो असतो. पण वाक्याचं पुढचं टोक मला दिसलं होतं. दवाखान्यातल्या त्या दोन दिवसांचा त्यांनी आज हिशोब मांडला.

मी वर गेलो. प्रूफ मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मास्तरांना बोलवा म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू बारकीला फोन कर."

मी लावला. मागे तिच्या वडिलांचा खोकला ऐकू येत होता.

"मास्तरांनी? नाही रे," ती म्हणाली. "तुझी काहीतरी गल्लत होतेय."

मी समासातलं वाचून दाखवलं. तारीख सांगितली. तिने तारीख पुन्हा विचारली.

"बाई परत ये म्हणतायत," मी म्हणालो.

"मी ते शून्य पाहिलं होतं," ती म्हणाली. "फाइल हलवताना. तीन वेळा पाहिलं. बदलणार होते."

"मग?"

"मास्तरांचं आहे म्हटलं. काही विचार करूनच ठेवलं असेल."

खोकला थांबला होता. तिने विचारलं, मास्तर आत्ता कुठे आहेत. मी म्हणालो, बाईंच्या खोलीत. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. ते काहीतरी समजावून सांगत होते.