प्रमुख पाहुण्यांची बदली

आयर्लंडातल्या ओंगार गावच्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. २००५च्या गणपतीआधी त्यांना कळलं की माझ्या शेजारचे इंग्रज आजोबा तरुणपणी व्यावसायिक फुटबॉल खेळत. लगेच जाऊन प्रमुख पाहुणे म्हणून आमंत्रण देऊन आले. माणूस कोण, ही चौकशी आपल्याकडे नंतर करतात.

आजोबा आयरिश बायकोबरोबर या देशात आले, ती गेल्यावर मुलीकडे राहत. ऐन विशीत क्लबात शिरले आणि महायुद्ध पेटलं. इटलीत गुडघ्यात गोळी लागली, तेव्हा मराठा पलटणीतल्या दोघांनी त्यांना चिखलातून ओढून आणलं. पुढे त्याच गुडघ्याला पट्टा बांधून ते दुय्यम श्रेणीत काही वर्षं खेळले. इंग्रजी फौजेतल्या नोकरीबद्दल इथे बोलायची सोय नव्हती, म्हणून गप्प असत. आमंत्रण आल्यावर मात्र कुंपणापाशी मला म्हणाले, "त्या दोघांचे आभार मानायचे राहिले. आता तुमच्या लोकांपुढे मानेन."

मी हे अध्यक्षांना सांगितलं.

"ते आर्मीचं राहू द्या हो, वहिनी. देशाकडून खेळले का? गोल किती मारले?"

देशाकडून नाही, आणि बचावफळीतला माणूस गोल कुठून मारणार? अध्यक्षांचा चेहरा पडला. "बघू," म्हणाले.

त्यांनी काय बघितलं ते मला हॉलमध्येच कळलं. शाल-श्रीफळ त्यांच्याच कंपनीतल्या मॅनेजरला! आजोबा इस्त्रीचा कोट घालून तिसऱ्या रांगेत, आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत. लाज कशाशी खातात हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. मी जाऊन म्हटलं, "त्यांना दोन मिनिटं तरी द्या."

"वहिनी, पुलाव थंड होतोय."

मॅनेजरसाहेब मात्र टीमवर्कवर मनसोक्त बोलले. नुसतं दळण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आरतीला सगळे उठले. आजोबांना वाटलं, आपली पाळी आली. काठी टेकत ते माइकपर्यंत पोचले, घसा खाकरला. अध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याला टॉयलेटला जायचंय. मी गर्दीतून पुढे येईपर्यंत त्यांनी हसत हसत आजोबांचा दंड धरला आणि दाराकडे नेलं, "धिस वे, अंकल."

आभार मानायला आलेला माणूस त्या गृहस्थाला "थँक यू" म्हणाला आणि बाहेर पडला.