पलीकडच्या काठावरची बाई

चित्रसंग्रहालयात तिला सगळे बोळेमावशी म्हणत. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि जुन्या चित्रावरचा मळ बोटभर-बोटभर काढायचा, हेच तिने तीस वर्षं केलं. थुंकीइतकं सौम्य औषध नाही, असं ती छातीठोकपणे सांगे. ऐकणारे नाक मुरडत, मुरडोत बापडे!

नदीचं चित्र तिच्याकडे आलं तेव्हा पार काळवंडलेलं होतं. संथ पाणी, झाडं, एक होडी, सगळं नुसत्या फटकाऱ्यांनी रंगवलेलं. लांबून बघावं तर नदी, जवळून बघावं तर डागच डाग. आणि मावशीचं नाक तर कायम चित्राला टेकलेलं. पलीकडच्या काठावरचा एक तपकिरी ठिपका तिने माशीची घाण समजून पुसून टाकला. चित्र भिंतीवर लागलं आणि मग त्याचा जुना फोटो तिच्या हाती आला. तो ठिपका म्हणजे काठावर उभी असलेली एक बाई होती.

मावशीने फोटो कपाटाच्या तळाशी दडपला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पण घरी भांडी घासताना तिला पाठीशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. दचकून वळली की नवरा म्हणायचा, "अगं, मीच आहे! भूत बघितल्यासारखी काय करतेस?" संग्रहालयाच्या साहेबांना सांगावं, तर तीस वर्षांचं नाव मातीत जाणार. ती रोज दुपारी त्या रिकाम्या काठासमोर जाऊन उभी राहायची.

अशाच एका दुपारी एक म्हातारा मुलीबरोबर आला.

"इथे एक बाई उभी असायची," तो म्हणाला.

"नव्हती हो बाबा. काल गॅस बंद केला की नाही, तेही तुम्हाला आठवत नव्हतं."

मावशीचा एप्रन पाहून तो तिच्याकडे वळला. "ताई, तुम्ही इथल्याच ना? होती ना हो?"

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही आजोबा. तिथे कधीच कोणी नव्हतं."

म्हातारा चित्रापासून मागे सरला. मग मुलीला म्हणाला, "त्या वृद्धाश्रमाचं बघ. आता मी नाही म्हणणार नाही."

मावशी भानावर आली तेव्हा ती दोघं निघून गेली होती. "होती! मीच पुसली!" असं ओरडत ती जिना उतरून फाटकापर्यंत धावली, पण रस्त्यावर ती दोघं कुठेच दिसली नाहीत. त्याच संध्याकाळी तिने साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. पण त्या म्हाताऱ्याला कुठे शोधायचं, ते त्यांनाही सांगता येईना.