तात्यांचं गाऱ्हाणं

आमच्या गावचा सरकारी दवाखाना बंद करण्याची तात्यांची एक पद्धत होती. दाराला कुलूप अडकवायचं, पण लावायचं नाही. मग पायऱ्या उतरून लाल मातीच्या रस्त्यावर यायचं, एकदा खाली खाडीकडे, भाट्याच्या दिशेला आणि एकदा वर सड्याच्या माळाकडे बघायचं आणि रिकाम्या रस्त्याला विचारायचं, "कुनी ऱ्हायला काय?" कोणी ओ दिली नाही की मगच किल्ली फिरायची. तात्या तिथे शिपाई होते. डॉक्टर येत-जात राहिले, तात्या होते तिथेच. मला ते आठवतात ते असेच, पिवळट उन्हात कपाळावर आडवा हात धरून कोणाची तरी वाट बघणारे.

गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, ढोल थांबतो आणि तात्या डोळे मिटून देवाला त्या घराचं सुखदुःख सांगू लागतात. घरातली माणसं, मुंबईला असलेली माणसं, हेदवीला नि दापोलीला दिलेल्या लेकी, गोठ्यातली म्हैस, कोणीही सुटत नसे. प्रत्येक वाक्यामागे आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचो. उरलासुरला मोहोर, गुलालाची धूळ आणि तात्यांचा तो संथ आवाज. ऐकता ऐकता डोळ्यांवर गुंगी यायची आणि सगळा गाव एका पांघरुणाखाली निजल्यासारखा वाटायचा.

मी रत्नागिरीला विम्याच्या कचेरीत नोकरी केली, त्यामुळे तात्यांशी माझं जमायचं ते भांडण्यापुरतंच. दर रविवारी देवळाच्या पारावर आमची बैठक. सरकारने प्रत्येकाच्या उपचाराची हमी घ्यावी की नाही, यावर पेपरात काहीबाही यायचं आणि मी ते मोठ्याने वाचायचो.

"सगळ्यांना सगळं फुकट कसं देणार, तात्या? यादी नको? गरजू कोण, ते ठरवायला नको?"

"सायेब, गाऱ्हान्यात आपन बोलतो काय, देवा, ह्येला बरा ठेव नि त्येला नको?"

"देवाला बजेट नसतं."

"सरकारला आसता ना? मंग तर सरकारला सोपाच हाय," असं हसत म्हणून ते तंबाखू मळायला घ्यायचे. माझा इतका संताप व्हायचा की चहा गार व्हायचा.

एकदा मात्र ते हसले नाहीत, स्वतःचीच गोष्ट सांगितली. तरुणपणी बांधावरून भावाशी बिनसलं, आणि त्या शिमग्यात भावाच्या गावातल्या घराच्या दारात उभं राहून त्यांनी मुंबईला असलेल्या त्याचंच नाव गाळलं. भावजयीच्या ते ध्यानात आलं, तिने ते मुंबईला कळवलं. त्याच वर्षी भाऊ मुंबईत आजारी पडला. गावाने आपल्याला टाकलं असं त्याने मनात धरलं आणि कोणाला कळवलंच नाही. कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. "देवान न्हेला आसा मी बोलनार नाय," तात्या म्हणाले, "पर नाव मी गाळला." त्या रस्त्यावरच्या हाकेचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

तीनेक वर्षांपूर्वी ऐन शिमग्याच्या तोंडावर हापूसच्या बागेतला नेपाळी राखणदार धनबहादूर झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून शहरात पाठवला, तिथे एक्स-रे झाला, ऑपरेशन लागेल असं सांगितलं आणि पुढचा प्रश्न आला, कार्ड कुठलं? त्याच्याकडे इथलं काहीच नव्हतं. चार दिवसांनी तो पुन्हा बागेतल्या खोपीत, पायाला फळी बांधून पडलेला. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या नियमात तो बसत नाही, हे गावाला समजावून सांगणारा मीच होतो.

पालखी बागेच्या कडेने पुढच्या वाडीला निघाली होती. तात्यांनी हात वर केला, आणि पालखी खोपीसमोर थांबली. धनबहादूरची बायको घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या धनबहादूराच्या दारात तुजी पालखी आली हाय."

"व्हय म्हाराजा."

"लांबना येऊन आमच्या झाडांची राखन करतो, आमच्याच झाडावरना पडला."

"व्हय म्हाराजा."

"ह्याचा पाय बरा होयपर्यंत आमी गाववाले ह्याला टाकनार नाय."

"व्हय म्हाराजा!"

सवयीने तोंडातून निघूनच गेलं. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. देवापुढे शब्द गेला होता, आणि त्यात माझाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी बागवाल्याची जीप निघाली. गावाच्या वर्गणीतून ऑपरेशन झालं, वाड्यावाड्यांनी डबे वाटून घेतले, कागदपत्रं माझ्या गळ्यात आली. प्रत्येक खिडकीवर "कार्ड?" हा एकच प्रश्न. माझ्या कचेरीत मीही तो कितीदा विचारला असेल. पावसाआधी धनबहादूर काठी टेकत चालू लागला.

मी पारावर विजयी मुद्रेने म्हणालो, "बघा, सरकारशिवाय झालं की नाही?"

तात्या तंबाखू मळायचे थांबले. "पालखी थांबली म्हनून झाला, सायेब. जेच्या दारात पालखी जातच नाय, तेना काय करायचा?"

मी पेपराची घडी घातली.

मग त्यांनी माझ्याकडून सरकारला अर्ज लिहून घेतला. "सर्व पात्र रहिवाशांना उपचाराची हमी मिळावी," मी वाचून दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो 'पात्र' काढा." मी काढला. 'रहिवाशांना'वर बोट सरकलं, तेही खोडलं. उरलं ते इतकं उघडं वाक्य होतं की सही करताना मला लाज वाटली. अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या श्रावणात तात्या गेले, त्यांच्याच दवाखान्यातल्या खाटेवर, एका उघडिपीच्या दुपारी. त्यांची मला फार सवय झाली होती. रविवारी पारावर मी आता पेपर मनातच वाचतो.

यंदा गाऱ्हाणं तात्यांच्या पुतण्याने घातलं. चांगलं घातलं. शेवटचं घर झालं, ढोलवाल्याने परतीचा ठेका धरला, आणि मी काही ठरवलेलं नसताना कपाळावर आडवा हात धरून रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघितलं.

"कुनी ऱ्हायला काय?"

ढोल थांबला. बागेतल्या खोपीच्या दारात धनबहादूरच्या जागी आलेला नवा राखणदार उभा होता. पालखी वळली.