शेजारीणबाई आणि माझे सी-अर्चिन

बेलवलीतल्या आमच्या शेजारीणबाई माझ्या सी-अर्चिनच्या जीवाश्मांना ‘तुमचे दगड’ म्हणतात. या समुद्री प्राण्याचं तोंड खाली असतं. गुदद्वार माथ्यावर असलं तर एक गट, कडेला सरकलं असलं तर दुसरा, हे मी त्यांना मोठ्या रुबाबात समजावलं होतं.

“म्हणजे तोंडावर बसतो?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी ऑपरेशनसाठी अंबरनाथला असताना त्यांनी माझं घर आवरलं, दगड धुतले, नावांच्या चिठ्ठ्या फेकल्या आणि लहान-मोठे असे लावून ठेवले. परतल्यावर मी चिडून पुन्हा गट पाडायला बसलो. निम्म्या दगडांवर मला ते द्वारच सापडेना. शेजारीणबाई पेज घेऊन मागे उभ्या होत्या.

“सगळे सारखेच दिसतात, नाही भाऊ?” त्या हळूच म्हणाल्या.

“हो,” म्हणालो, आणि पेज घेतली.