मामी घरी नाय

ज्याच्याशी बिनसलेलं असेल असा माणूस दारात आला की मामी स्वतः उंबऱ्यावर यायची, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायची, "मामी घरी नाय," आणि दार लावून घ्यायची. म्हैस विकताना खोटं बोललेला व्यापारी असो, नाहीतर लग्नात वाढताना हात आखडणारी चुलत जाऊ, सगळ्यांना तेच. एकदा धरलेला डूख तिने सोडलेला मी पाहिला नाही. सगळं गाव तिला मामी म्हणे. माझी ती सख्खी मामी.

पेणच्या खाडीकडेचं तिचं गाव, माहेरही तेच आणि सासरही तेच. तिथली शेतं आणि मिठागरं बांधाच्या भरवशावर. उधाणाचं पाणी बांध फोडून आत शिरलं की म्हणायचं, खांड पडली. जो पाहील त्याने हाळी द्यायची आणि ज्याला ऐकू येईल त्याने असेल तसं धावायचं. ताटावरचा माणूससुद्धा बसून राहत नाही. अशाच एका खांडीत मामीचा धाकटा भाऊ चिखल टाकता टाकता वाहून गेला. बांध तर नुकताच नवा झाला होता. "दगड कागदावर, माती बांधात," मामी म्हणायची. ठेकेदाराचं नाव ती घेत नसे. नुसतं "तो" म्हणे, आणि आम्हाला कळे.

आमचा रोह्याचा रॉक बँड. मी गिटार वाजवतो. सगळेच कंपनीत, शिफ्ट जुळली की तालीम. या भावाच्या गोष्टीवर आम्ही अख्खा अल्बम केला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच कथा. निम्मे शब्द मामीचे. आमच्या ड्रमवाल्याला ती म्हणायची, "पत्र्यावर गारा पडल्यागत वाजवतोस रे, पण राग खरा हाय तुझा." शेवटच्या गाण्यात बहीण ठेकेदाराला माफ करत नाही; ती हाळी देते आणि गाणं तिथेच तुटतं. ती हाळी मामीचीच. तिच्या अंगणात रेकॉर्ड करत होतो, तर अर्धं गाव घमेली-फावडी घेऊन धावत आलं! म्हाताऱ्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. खोटी हाळी द्यायची नसते. मामी मान खाली घालून म्हणाली, "चुकलं. आता दिली तर खरीच देईन."

अल्बम गाजला तसा मुंबईचा एक दिग्दर्शक त्यावर सिनेमा करायला आला. जिभेवर साखर ठेवून बोलणारा माणूस. आम्ही हुरळून सह्या केल्या. मग त्याने मामीच्या ओटीवर बसून पटकथा वाचली. शेवटी बहीण रडत रडत ठेकेदाराचे हात हातात घेते.

"प्रेक्षकाला शेवटी मोकळं वाटायला हवं, मामी."

"मला इतक्या वर्षांत नाय वाटलं मोकळं. त्यांना एका खेळात कशाला वाटायला हवंय?"

शेवट काही बदलला नाही. का नाही, ते शूटिंग संपल्यावर कळलं. सिनेमात पैसा त्याचा होता, मामीच्या त्या ठेकेदाराचा. जन्मात कधी माफी मागितली नाही, आणि आता पडद्यावर ती विकत घेत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामी मात्र शांत. तिने एवढंच विचारलं, "पहिला खेळ कुठं हाय?"

पहिला खेळ पेणला होता. खाडीकडची गावं टेम्पो करून आली होती. पुढच्या रांगेत तो, गळ्यात हार घालून. मामी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून माझ्या शेजारी. शेवटचा प्रसंग आला, पडद्यावरच्या बहिणीने हात पुढे केले आणि बासरी सुरू झाली. आमच्या गाण्यात बासरी! मामी उठून उभी राहिली.

"खांड पडली गो, धावा!"

खुर्च्या खाडखाड वाजल्या. म्हातारे, बायका, पोरं, सगळं थिएटर उठून दारांकडे निघालं. रस्त्यावर आल्यावर लोक विचारू लागले, "कुठं पडली गो मामी?"

मामीने थिएटरकडे बोट केलं. "आत. ज्यानं पाडली तो बसलाय बघा."

कुणी हसलं नाही. हाळी खोटी होती असंही कुणी म्हणालं नाही, अगदी त्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. आणि परत आत कुणीच गेलं नाही. उघड्या दारातून मला दिसत होतं, पडद्यावर ठेकेदाराला माफी मिळत होती आणि ती बघायला तो एकटा होता. इतका आनंद मला अल्बम गाजला तेव्हाही झाला नव्हता. अजून आठवलं की होतो.

गेल्या वर्षी मामी गेली. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना तो आला. काठी टेकत, हातात हार. "फोटोच्या पाया पडून जातो," म्हणाला. "मामींची माफी मागायची राहिली." आवाज खरोखरच कापत होता. क्षणभर मला त्याची दया आली. मग भाऊ वाहून गेल्याचं सांगताना मामी पदर कसा मुठीत धरायची ते आठवलं.

मी उंबऱ्यावर गेलो. त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"मामी घरी नाय."

दार लावलं आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडलो. ते वाक्य त्या घरात पहिल्यांदाच खरं होतं.