दसऱ्याचा काळा रंग

निजामाचं राज्य होतं तवा मी जालन्यात, मस्तगडाला, एका डॉक्टरसाहेबांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. दसऱ्याला यंत्राची पूजा, म्हणून मी हौसेनं इंजिन अन् खालचा लोखंडी सांगाडा काळ्या रंगानं चकाचक करून टाकला. तारा सोडल्या, रंग मारला, परत बसवल्या. हार घातला तवा साहेब म्हणले, "वा! नवरीवानी दिसून राह्यली!" मी फुगलोच.

दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर कण्हायला लागला. बटन दाबलं की गुर्र करायचा अन् बसायचा. दिवे मात्र लख्ख. बॅटरी कापसाच्या जिनिंग कारखान्यात नेऊन तिथल्या विजेवर भरून आणली, स्टार्टर उतरवून आतले झिजलेले कार्बन बदलले. काही फरक न्हाई. मंग मी पुढून हँडल मारून, हातानं इंजिन फिरवूनच गाडी चालू करायचो, अन् असलं डबडं बनवणाऱ्याला शिव्या घालायचो.

एक दिवस घनसावंगीकडून निरोप आला, बाळंतपणात बाई अडली म्हणून. मी हँडल मारून मारून थकलो, गाडी लागेना. साहेब म्हणले, "सरक, जल्दी! तू आत बस, मी मारतो." मालकाला न्हाई म्हणायची माझी छाती झाली न्हाई. गाडी लागली, पण हँडल उलटं फिरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. तसल्या हातानं त्यांनी त्या बाईची सुटका केली.

त्यांना घरी सोडून मी बटन दाबून बघितलं अन् एकेक तार चाचपली. बॅटरीची जी तार सांगाड्याला जोडलेली, तिचा जोड चटका देत होता. सोडला, तर खाली माझाच रंग! दिव्यांपुरती वीज जायची, पण स्टार्टरला लागती तेवढी जायला वाटच ठेवली नव्हती मी. चाकूनं रंग खरवडला, लॉरीची जाड तार टाकली. स्टार्टर एका दमात फिरला. मी तिथंच मातीत बसून रडलो.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणले, "अरे, तो रंगाचा डबा मीच आणून दिल्ता." त्यापेक्षा एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मनगट वाकडंच जुळलं. पुढं परतूरचा एक बाप लेकराच्या मानेवरचं गळू दाखवायला आला. साहेबांनी चाकू उचलला. मनगट वळेना. चाकू परत ठेवला अन् मला म्हणले, "यांना सरकारी दवाखान्यात ने."

बापलेकाला मागं बसवून मी बटन दाबलं. गाडी झटक्यात चालू झाली. साहेब ओसरीवर उभे होते. तिकडं बघायची माझी हिंमतच झाली न्हाई.